प्लॉट नंबर बेचाळीस

रविवारी माळावर गेलो, प्लॉट बघायला.
सावली होती ती बोर्डाची.
बोर्डावर एक झाड काढलेलं, झाडाखाली बाक,
बाकावर गोरं जोडपं.
त्याच्या पायाशी मुरूम, कुसळं,
आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा
जणू कुणी कबड्डीचं मैदान आखून
खेळाडू आणायला गेलंय.

चौगुले म्हणाला, "वहिनी, हा तुमचा हॉल."
मी हॉलमध्ये उभी राहिले.
हॉलमध्ये वारा होता, पदरात मावत नव्हता.
"आणि पाणी?"
"येतंय की. लाईन मंजूर हाय."
पलीकडच्या बंगल्यातल्या बाईनं
कुंपणावरून नुसती तीन बोटं दाखवली.
तिसऱ्या दिवशी टँकर.
धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला,
तांदळाचं धुवण कढीपत्त्याला.
कढीपत्ता मात्र तिचा असा हिरवा
की बोर्डावरचं झाड लाजावं.

आम्ही खालची माणसं,
नदीपासून दोन हाकांवरची.
आमच्या दाराच्या चौकटीवर
एकाच पेन्सिलीचे दोन हिशोब:
डावीकडं शर्वरीची उंची, दर वाढदिवसाला,
उजवीकडं पंचगंगेची.
एकवीस सालची रेघ पोरीनं गेल्या वर्षी ओलांडली,
ह्यांनी गल्लीत पेढे वाटले.
एकोणीसची अजून तीन बोटं वर आहे.

जुलैत लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात,
हे बंधाऱ्याची पातळी बघतात.
एकोणचाळीस फूट म्हणजे गाद्या माळ्यावर,
एक्केचाळीसला मशीन, फ्रीज, सिलेंडर.
त्रेचाळीसला रुक्सानाभाभींचा जिना,
आणि गिऱ्हाइकांच्या साड्यांचं गाठोडं
माझ्या डोक्यावर, पोरापेक्षा जपून.
मशीनच्या पायट्यातून अजून गाळ निघतो.
सुई पुसून घेते मी, मग दोरा ओवते.

तरी माळावर फॉल-पिको कोण करून घेणार?
कुसळांना काठ लावू?
आणि हे,
रोज संध्याकाळी गंगावेशीत
समोर पिळलेल्या म्हशीचं दूध उभ्यानं पिणारे,
मिशीला फेस तसाच ठेवून घरी येणारे,
तिथं पिशवी फोडून पितील?
मी विचारलं नाही. त्यांनीही मला
साड्यांचं विचारलं नाही.

चौगुले टेप ओढत मागं सरकला
तशी टिटवी ओरडत अंगावर आली.
एकदा, परत, परत.
बघितलं तर स्वयंपाकघरात,
म्हणजे चौगुलेच्या स्वयंपाकघरात,
चार अंडी. मुरमाच्याच रंगाची,
मुरमावरच, काडीसुद्धा न अंथरता.
हे हसले, "बघ, हिनं टोकन दिलंय."

मला हसू आलं नाही.
मामंजी सांगायचे, टिटवी ओढ्यात अंडी घालते
त्या साली ओढा वाहत नाही,
उंचावर घालते त्या साली पाणी चढतं.
खरं-खोटं तिला ठाऊक.
पण एवढा मोठा माळ सोडून
तिनं निवडला तो सगळ्यात वरचा कोपरा,
आणि पाण्याला रोज कुठं जाते
ते चौगुलेलाही सांगता आलं नाही.

"मग, रविवारपर्यंत कळवताय नव्हं?"
त्यानं विचारलं.
हे माझ्याकडं बघायला लागले.
म्हटलं, "पिल्लं चालायला लागूदेत.
तोवर तिथं खुंटी मारू नका."
ह्याचा अर्थ हो की नाही
हे गाडीवर मागं बसून मलाही कळेना.
कंदलगावच्या उतारावर गार वारा लागला,
खाली शहर दिसलं, धूर, देवळं, उसाचा हिरवा पट्टा,
नदी मात्र दिसली नाही.
उन्हाळ्यात ती अशीच, कुणाची नसल्यासारखी.

घरी आले. शर्वरी चौकटीला टेकून
फोनवर बोलत होती, टाचा उचलून.
नळ आला होता, भरभरून.
तांदूळ धुतले,
आणि धुवण मोरीत ओतताना
हात थांबला.

आमच्याकडं कढीपत्ता नाही.
तरी पातेलं तसंच
बाजूला ठेवलं.