पाचवं कलम

नाव विचारलं, सांगितलं. वनिता गंगाराम भुवड.
काम? फवारणीला पाणी भरते, शिवलकरांच्या बागेत.
मग साहेबांनी विचारलं, हवा कशी होती त्या दिवशी.
मी म्हटलं, चांगली होती.
पेन थांबलं.
चांगली म्हणजे आंब्याला हो,
पौषात अशी थंडी दोन वर्षांत पडली नव्हती,
काडी न् काडी मोहोरली होती,
मालक म्हणत होता, पाडव्याआधी पेटी निघेल.

ते म्हणाले, दिसत किती होतं, मीटरमध्ये सांगा.
मीटर मला विजेचा माहीत.
मी म्हटलं, पाचवं कलम दिसत नव्हतं.
कुठलं कलम?
आंब्याचं, साहेब.
चौथं होतं, पण पुसल्या पाटीवर
राहून गेलेल्या अक्षरासारखं.
पाचव्यापासून पुढे वाडी नव्हती, खाडी नव्हती,
समुद्राचा नुसता आवाज,
तोही सगळीकडून सारखाच.

आधी वाटलं, मानबहादूरने पंप सुरू केला.
मग वाटलं, पंप वर कसा?
डोक्यावरून गेला, वळला, परत आला,
रात्री परक्या गावात कुणी दारं चाचपावीत तसा.
तिसऱ्यांदा इतका खाली
की मोहोरावरचं दंव एकदम पडलं,
हंडा भिजला, मी भिजले,
आणि मग कातळावर पातेलं आपटावं
एवढाच आवाज.
टीव्हीत दाखवतात तेवढा मोठा नाही.

दोन माणसांचं होतं ते, सहा आसनी रिक्षाएवढं.
गडग्यावर आडवं पडलेलं,
पातं एकीकडे, शेपटी करवंदीच्या जाळीत,
काच अशी पसरलेली की वाटलं, दंवच.
मी अनवाणी होते. ते नंतर कळलं.

आत एकटाच. तरणा.
मानबहादूरने कोयतीने पट्टा कापला,
स्वतःची कानटोपी काढून त्याच्या डोक्याखाली दिली.
आंबे काढायची शिडी आणली, वर गोणपाट.
तेव्हा त्याने डोळे उघडले आणि मला विचारलं,
समंदर किस तरफ है?
पाणी नाही मागितलं. आईला हाक नाही.
समंदर किस तरफ.
मी ह्याच सड्यावर जन्मले.
पटकन बोट केलं पश्चिमेला.
तो बोटाकडे बघत राहिला,
बोटाच्या पुढे काही नव्हतंच.

पावस ओलांडल्यावर गेला म्हणतात, गाडीतच.

पंचनाम्याला दोघे शिवलकर हजर, बंडू आणि अप्पा.
ह्या गडग्यापायी बावीस वर्षं कोर्टात आहेत,
हातभर कातळ, गवतही धड उगवत नाही.
हवालदाराने विचारलं, जागा कुणाची?
बंडू म्हणाला, अप्पाची.
अप्पा म्हणाला, छे, बंडूची, सातबारा बघा.
मला हसू आलं. आलं, काय करू?
पदर तोंडावर घेतला, लोकांना वाटलं रडते.
मग रडलेही, त्याच पदरात.

टोपी मुद्देमालात गेली.
मानबहादूर दोनदा ठाण्यावर जाऊन आला,
केस संपली की देऊ म्हणाले.
उरलेली थंडी त्याने टॉवेल बांधून काढली.

त्या बाजूचा मोहोर गळला.
कुणी म्हणतं तेलाच्या वासाने, कुणी म्हणतं तुडतुडा.
गडगा पडलेलाच आहे, चिरा कुणी उचलत नाही,
गुरं इकडून तिकडे जातात.

साहेबांना एक सांगितलं नाही,
त्यांनी विचारलं नव्हतं.
शिडी खांद्यावर घेऊन लोक उताराला लागले
आणि मी हंडा घ्यायला मागे वळले.
चार पावलं. फक्त चार.
विहीर सापडेना.
चारी बाजूंनी तोच समुद्र.
मी बोट वर केलं, मघाचंच,
आणि सांगता येईना
मघाशी ते कुठे केलं होतं.