नळी कानाला लावून

निपाणीच्या वखारीतून हेराल्ड आणली तेव्हा
सीटखाली अजून तंबाखूचा चुरा होता
आणि बॉनेटखाली एकच कार्बोरेटर, सोलेक्स,
झाकणाचा एक स्क्रू गायब, तिथं सुतळी.

"एकच असू दे, रत्नाक्का," जिनाप्पा म्हणाला.
उद्यमबागेत त्याचं गॅरेज, भिंतीपलीकडं फौंड्री;
दुपारी भट्टी उघडली की
त्याच्या कॅलेंडरावरचे तीर्थंकरसुद्धा तापतात.
"एक तोंड, एक पोट. जेट काढायचं, फुंकायचं, लावायचं.
खानापूरच्या पुढं बंद पडलीस तर
पंक्चरवालापण चालू करून देतोय की."

खरं होतं.
पण इनास पिंटो कॅम्पातून सायकलवर आला,
हँडलला पिशवी, पिशवीत वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रात दोन एसयू.
"म्हापशाच्या भंगारात गावले," एवढंच बोलला
आणि बाकावर ठेवले, अंडी ठेवावीत तसे.
जोडीचेच. एकाच्या अंगावर जुना ओरखडा.

मॅनिफोल्डचा पॅटर्न मी तासला.
सव्वीस वर्षं तेच करते आहे:
लोखंडाला शंभरात एक जास्त,
ॲल्युमिनियमला सव्वा,
कारण धातू थंड होताना स्वतःत मागं सरतो
आणि त्याच्यासाठी आधीच जागा सोडावी लागते.
दोन तोंडांसाठी दोन वाटा कोरल्या.
पहिलं कास्टिंग बुडबुड्यांनी गेलं.
दुसऱ्याला जिनाप्पानंच कानस मारली,
"वाया जाणार बघ" असं म्हणत म्हणत.

मग रविवारी वंटमुरीचा घाट.
एरवी दुसऱ्या गिअरात कण्हत चढणारी गाडी
तिसऱ्यात राहिली.
उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकलं,
दोन ट्रॉल्या, वर बसलेलं पोर हात हलवत होतं.
मी हात हलवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर,
तोंड उघडं.

पण बुधवारपर्यंत ती खोकायला लागली.
"सांगितलं नव्हतं?" जिनाप्पा.
"दोघांचा श्वास सुटलाय," इनास,
आणि खिशातून वीतभर रबरी नळी काढली.
एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, एक उजव्या कानात.
डावा कान फेटलिंगच्या ग्राइंडरनं नेला, एकोणऐंशीतच.
डोळे मिटून पुढचा ऐकला. मग मागचा. मग पुढचा.
जिनाप्पाच्या पोरानं विचारलं, "काय म्हणतात हो?
एक कानडी बोलतोय, एक मराठी?"
इनास हसला नाही.
"गप. बोलत नाहीत. ओढतात."

त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, एकच कान,
आणि साऱ्या उद्यमबागेत हे ऐकू येणारं दुसरं कुणी नाही.
जिनाप्पा माझ्याकडं बघत होता.
बोलला नाही, पण हिशोब तोच होता:
सोलेक्सला माणूस लागत नाही.

सुतळी सोडून मी सोलेक्स रॉकेलमध्ये बुडवला,
धुतला, पुसला.
बसवायला उचललासुद्धा.
मग म्हटलं, "इनासबाब, ती नळी द्या बघू. मी बघतो ऐकून."

पहिल्या रविवारी दोन्हीकडं सारखीच फुसफुस,
कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची.
दुसऱ्या रविवारी कान दुखला.
तिसऱ्या रविवारी पाऊण तास वाकून झाल्यावर
म्हटलं, "मागचा घाई करतोय."
इनासनं वर बघितलं नाही. स्क्रू किंचित फिरवला.
"आता?"
"अजून."
"आता?"

त्यानं नळी परत मागितली नाही.
माझ्या पर्समध्ये असते, चष्म्याच्या घराशेजारी.
सोलेक्स कुंद्याच्या रिकाम्या डब्यात आहे, फळीवर,
त्याच्या झाकणाला नवा स्क्रू लावलाय, उगीच.

पेट्रोल मात्र दोघं मिळून पितात.
लिटरला साडेदहा.
जिनाप्पा दर सोमवारी विचारतो,
मी बारा सांगते.