बी म्हणजे अठ्ठावीस

आचारसंहिता लागली की दौलतगंजातलं माझं दुकान
मंगल कार्यालयासारखं भरतं.
ठाण्यात जमा करायच्या आधी
ज्याला त्याला आपलं हत्यार पुसून हवं असतं,
जणू मालखान्यात कुणी ते बघायला येणार आहे.

सरोजिनी शितोळे दुपारी आल्या, गर्दी ओसरल्यावर.
बिस्किटांच्या डब्यातून काढलं
ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल.
म्हणाल्या, परवान्यावर ब्राउनिंग आहे, बेल्जियम,
आणि नवा मुन्शी म्हणतो यावर तसं लिहिलेलंच नाही.
आमच्या पणजोबांना दरबारातून मिळालेलं, अकरा साली,
वाघ अगदी हत्तीच्या सोंडेशी आला तेव्हा त्यांनी...
पुढचं मी ऐकलं नाही.
ग्वाल्हेरात प्रत्येक पिस्तुलामागे एक वाघ असतो.

मॅगझिन काढलं. स्लाइड ओढून आत पाहिलं. रिकामं.
पुन्हा पाहिलं.
बाबा म्हणायचे, रिकाम्या पिस्तुलानंच माणसं मरतात.

मग रॉकेलचा बोळा.
मळ निघाला तशी डाव्या अंगाला अक्षरं वर आली,
अर्धीअधिक झिजलेली:
...बार, आणि जरा पुढे, एस्पान्या.
एबार. स्पेनच्या डोंगरातलं गाव.
तिथे म्हणे गल्लोगल्ली पिस्तुलं व्हायची,
एका घरी नळी, दुसऱ्या घरी घोडा,
आपल्याकडे पापड लाटतात तशी.
तोंडवळा बेल्जमचा, हे खरं.
पण गावाचं नाव पोलादात ठोकलेलं,
ते आपणच कधी वाचलं नाही.

भिंग लावलं.
ट्रिगरच्या वर एक ढाल, ढालीत फुली,
आणि शेजारी कणीएवढं एकटं अक्षर.
बी.

तिथल्या चाचणीघरात सत्तावीसपासून वर्षाला अक्षर असे.
ए सत्तावीस. बी अठ्ठावीस.
मी विचारलं, पणजोबा कधी गेले?
"अठरा साली. मानमोडीत."

मी पंखा एकने कमी केला, उगाच.
त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

मुठीची लाकडी पट्टी डुगडुगत होती.
स्क्रू सोडवला तर आत पाचर म्हणून
घडी घातलेला कागद, तेलानं पारदर्शक झालेला.
मोडी. मला येत नाही.
समोरच्या पेढीवरून दत्तोपंत खासगीवाल्यांना बोलावलं,
ते नव्वदीचे, रस्ता ओलांडायलाच पाच मिनिटं.
कागद नाकाशी नेऊन त्यांनी वाचला,
वाण्याला सांगावा असतो त्या सुरात:

हिंग दोन तोळे.
सुपारी चिकणी, अच्छेर.
काडतुसं पंचवीस.
कुंकू धाडू नये.

"शेवटचं परत वाचा," सरोजिनीबाई म्हणाल्या.
दत्तोपंतांनी परत वाचलं.
चहा आला होता, कुणी घेतला नाही.
बाहेर एक जण दुनळी खांद्यावर टाकून
नंबर कधी लागेल विचारत होता.

मुन्शीसाठी मी चिठ्ठी लिहून दिली:
बनावट एबार, स्पेन. बोअर बत्तीस.
चाचणीचं साल १९२८.
कुणी आणलं, हा रकाना त्यांच्याकडे नसतो.

कागद त्यांनी पर्समध्ये ठेवला, किल्ल्यांच्या कप्प्यात.
वाघाचं काही बोलल्या नाहीत.
पट्टीखाली मी माझ्याच बिलाची घडी सारली
आणि स्क्रू आवळला.
आता डुगडुगत नाही.