चाळीस फुटांखालची सरळ रेघ

पहाटे साडेचारला मी पंपाचं कुलूप काढते.
धक्क्याच्या फळ्या तेवढ्यापुरत्या गार असतात,
अनवाणी चालता येईल इतक्या.
नऊनंतर इथे चप्पलसुद्धा दोनदा विचार करते.

मार्चच्या सुट्टीत कॉलेजातली पोरं येतात,
खांदे भाजून लाल, हातात बिअरचे डबे,
जेट-स्कीची किल्ली मनगटाला बांधून.
एखादी विचारते, "मॅडम, हा तलाव पहिल्यापासूनच आहे ना?"
मी पावती फाडते.
म्हणते, जॅकेटचे बंद आवळून बांधा.

पहिल्यापासून नदी होती.
तांबडी. दूरच्या डोंगरांवरचा बर्फ वितळला की
मे-जूनमध्ये अंगात आल्यासारखी फुगायची,
आणि ओसरताना गाळ ठेवून जायची.
त्या गाळात आमची माणसं
बोटानं भोक पाडून बी टाकत. मका, घेवडा, भोपळा, कलिंगड.
नांगर नव्हता. लागतच नव्हता.

खाली धरण बांधलं तेव्हा बाबा तेरा वर्षांचे.
पाणी धावून आलं नाही, ते सांगत,
पाहुण्यासारखं आलं.
आधी उंबऱ्याशी, मग चुलीशी,
मग उठेचना.
भोपळ्याला फुलं लागली होती.
दोन दिवस ती पाण्याखालीही पिवळी दिसली.

पुढे कितीतरी वर्षांनी
बोटींची इंजिनं बनवणारे लोक आले.
कोरडी हवा, रिकामं पाणी, त्यांना हेच हवं होतं.
बाबांना काम मिळालं:
इंजिन जळेपर्यंत बोट गोल फिरवायची.
जळलं की दुसरं लावायचं.
दिवसाला दहा-दहा तास, त्याच खाडीत, त्याच वर्तुळात.
बरोबरचे लोक महिन्याभरात कंटाळून गेले.
बाबा अकरा वर्षं फिरले.
आई म्हणायची, पगार चांगला आहे.
मला फार उशिरा कळलं,
ते राखण करत होते.

मग पूल आला. लंडनहून.
हो, अख्खा पूल, विकत घेतलेला.
दगडादगडावर आकडा घातलेला,
म्हणजे इथे पुन्हा लावताना कुणाची जागा चुकायला नको.
बाबा मला मुद्दाम बघायला घेऊन गेले.
बराच वेळ ते दगडांवरचे आकडे वाचत उभे होते,
एखादा माणूस रेल्वेचं वेळापत्रक वाचतो तसे.
आमच्या घरांवर कुणी आकडे घातले नव्हते.
हे ते बोलले नाहीत. मी बोलतेय.

काल हॅल्व्हर्सन आला, फीनिक्सचा दंतवैद्य,
नवा मासेशोधक घेऊन. किंमत माझ्या गाडीपेक्षा जास्त.
पडद्यावर बोट ठेवून म्हणाला,
"वर्ला, हे काय? चाळीस फुटांवर. सरळ रेघ.
निसर्ग सरळ रेघ काढत नाही."
मी म्हटलं, कुंपण.
तो हसला, "तलावाखाली कुंपण कोण घालेल?"
मी त्याला बर्फाची पिशवी दिली, चार डॉलर घेतले,
आणि सांगितलं, तिथेच गळ टाक,
मासे कडेकडेनं जातात.

दुपारी परतला तो नाचतच.
अकरा पौंडांचा पट्टेवाला बास, आणि वर दोन लहान.
लहानातला एक मला दिला.
म्हणाला, "जागा जपून ठेवतो यंत्रात. नाव काय देऊ?"
मी बाबांचं नाव सांगितलं.
त्यानं जाड बोटांनी टाइप केलं, एक अक्षर चुकलं.
यंत्रानं स्वतःहून पुढे आकडा जोडला,
त्याला प्रत्येक जागेला तो लागतोच.

एलवुड ४१.

अक्षर दुरुस्त करू का, त्यानं विचारलं.
राहू दे म्हटलं.

संध्याकाळी रानगाढवं पाण्यावर उतरली,
पिल्लू मधे, आई बाहेरून.
मी माशाला मीठ लावलं.
फळ्या अजून तापलेल्याच होत्या.