तेविसावा दगड

जत सुटलं की रस्ता वळायचं विसरतो.
डाव्या हाताला बोडका माळ, उजव्या हाताला तोच माळ,
मधून डांबर गेलंय,
शिंप्यानं पट्टी ठेवून खडू ओढावा तसं.
समोरची एसटी आधी नुसती चमक असते,
मग बराच वेळ पाण्यात उभी राहते,
आणि एकदम अंगावर येते.

मी किलोमीटरचे दगड रंगवतो.
डोकं हिरवं, अंग पांढरं, आकडा काळा.
राज्यमार्गाला हिरवी टोपी, हे मला शाळेआधी कळलं,
कारण बाप याच रस्त्यावर मैलकुली.
मायाप्पा सिदू कोळेकर, हजेरीपटावर अकरावं नाव.
खड्डे भरायचा, साइडपट्टीचं गवत काढायचा,
मेलेलं कुत्रं ओढून पलीकडं न्यायचा
आणि त्याच्यावर दोन पाट्या मुरूम टाकायचा.
दोनच. तिसरी सरकारची, म्हणायचा.

उमदी चाळीस. उमदी एकोणचाळीस.
उतरत्या आकड्यांत दिवस जातो.
बेदाण्याच्या शेडकडून वारा आला की गंधक नाकात बसतं.
मेंढरं आडवी आली की विजापूरचा ट्रकवाला काच खाली करतो,
"उमदी एष्टु दूर री?"
मी ओल्या आकड्याकडं बोट करतो.

तेविसापाशी मात्र हिशेब बसत नाही.
चोवीस ते तेवीस अकराशे दहा मीटर,
तेवीस ते बावीस आठशे नव्वद.
पावलांनी मोजलं, टेपनं मोजलं,
एकदा सायकलच्या चाकाला चिंधी बांधून फेरे मोजले.

खरं तर मोजायची गरज नव्हती.
त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुकादमाचा हुकूम होता:
भाकरी सोडायची ती तेविसाच्या दगडालाच,
अलीकडं नाही, पलीकडं नाही.
दगडाला सावली नव्हती.
लिंब होता, पण एकशे दहा मीटर पुढं.
बापानं हुकूम मोडला नाही.
रात्री पहार घेतली, कुणाचा तरी बैल उसना आणला,
आणि दगडच लिंबाखाली नेऊन रोवला.

तेव्हापासून सगळं त्या दगडावरून चाललंय.
जीपमध्ये बाळंत झालेली माडग्याळची बाई
पोराचं गाव विचारलं की तेवीस सांगते.
पंचनाम्यात लिहिलंय: दगड क्रमांक तेवीसपासून
पुढं चाळीस पावलांवर मोटारसायकल, एक चप्पल.

मंगळवारी नव्या शाखा अभियंता आल्या, मोहोळकर मॅडम.
हातातल्या यंत्राकडं बघितलं, दगडाकडं बघितलं.
"हा चुकलाय."
"व्हय."
"कुणी बसवला?"
मी ब्रश रॉकेलात बुडवला, जरा जास्तच वेळ हलवला.
बारा वाजून गेले होते.
त्यांनी इकडंतिकडं बघितलं,
दोन्हीकडं रस्ता आभाळाला टेकेपर्यंत एकसुद्धा झाड नाही,
मग दगडाला पाठ लावून बसल्या, डबा उघडला.
मला लोणच्याची फोड दिली.
कागदावर काय लिहिलं, ते मला दिसलं नाही.

बापाचे गुडघे गेलेत. घरीच असतो.
रस्त्याचं काही विचारत नाही. फक्त,
"लिंब हाय न्हवं?"

आता जेसीबी येईल नाहीतर येणार नाही.
तोवर दोन झालाय, तिनाचं पोट भरतोय.
वरून एक लिंबोळी पडली, ओल्या रंगात बसली.
राहू दे.