घट

हॉलमार्कच्या नोंदणीसाठी जुने कागद शोधताना
तिजोरीच्या तळातून निघालं
आप्पांचं सुवर्ण नियंत्रणाचं रजिस्टर.
पाठीला खाकी पट्टी,
कोपरे कसरीने खाल्लेले.

तासगावच्या पेठेत आमचं दुकान साडेसात फूट रुंद.
आप्पा गुंजांत विचार करत आणि ग्रॅममध्ये लिहीत.
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा,
ही उजळणी सरकारने पुसली तरी
त्यांच्या पेरांवर राहिली होती.
आरंभीची शिल्लक, आवक, जावक, घट.
घटीच्या रकान्यात रोज काहीतरी असायचंच:
मुशीला चिकटलेलं, कानशीने उडालेलं,
फुंकणीच्या वाऱ्याने गेलेलं.
कायद्याला एवढं मान्य होतं
की सोनं थोडं उडतं.

ते उडालेलं गोळा करायला
शनिवारी चंद्राक्का यायची.
फरशीच्या फटींतून कुंचा फिरवायची,
शेगडीची राख, पायपुसणं, आप्पांच्या धोतराचा सोगासुद्धा
झटकून न्यायची.
मग ओढ्यावर बसून
पाटीत धूळ हलवत राहायची दिवसभर.
हाती लागेल ते आप्पांनाच विकायची,
आणि आप्पा तेही आवकेत लिहायचे,
'झारेकरणीकडून', पुढे वजन, पुढे तिचा अंगठा.

अठ्ठ्याहत्तरच्या आषाढात ती गेली.
तिचा पोर दुकानाच्या पायरीखाली उभा राहिला,
म्हणाला, तोंडात ठेवायला घरात काही न्हाई.
आप्पांनी कात्रीने तारेचा तुकडा तोडला,
सवयीने काट्यात टाकला,
गुलाबी कागदात बांधून दिला.
रात्री घटीत लिहिलं: ०.१२० ग्रॅम.

त्या दिवशी मूस पेटलीच नव्हती,
एवढं गुळवणी साहेबांनी बरोबर पकडलं.
सांगलीहून यायचे, चष्म्याला दोरी,
चहा स्वतःच्या पैशाने प्यायचे.
'पोतदार, काम नाही तर घट कशी?'
आप्पांनी सांगून टाकलं.
साहेबांनी टोपण उघडलं, बंद केलं, उघडलं.
'मग ती जावक झाली.
जावकेला नाव लागतं, पत्ता लागतो, सही लागते.'
'नाव चंद्राक्का,' आप्पा म्हणाले,
'पत्ता तुम्हीच सुचवा.'

मेमो आला. खुलासा सात दिवसांत.
आप्पांच्या खुलाशाची नक्कल इथेच डकवली आहे:
'सदर सोने परत मिळण्याजोगे नाही. चूक मान्य.'
खाली पंचवीस रुपयांची दंडाची पावती,
शिक्का निळा, अजून ठसठशीत.

आता माझ्या दुकानात
अंगठीच्या आतल्या अंगाला लेझरने कोरलेली
सहा अक्षरं-आकडे असतात.
गिऱ्हाईक मोबाईल धरतं, शुद्धता बघतं, हसतं.
मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू?
याच पेठेत अठराचं बावीस म्हणून
किती लेकींच्या गळ्यात गेलं
ते आटवणीला आलं की मी बघितलंय.

पण रजिस्टरच्या शेवटच्या पानात
एक कार्बनची प्रत सापडली, कायदा उठल्यानंतरची.
मला तो दिवस आठवतो.
गुळवणी निवृत्त झालेले, पायात स्लिपर,
सांगलीचे सगळे सराफ ओलांडून
एसटीने तासगावला आलेले.
'एक गुंज द्या,' म्हणाले. ग्रॅम म्हणाले नाहीत.
आप्पांनी काही विचारलं नाही.
तुकडा तोडला, काट्यात टाकला,
कागदात बांधताना म्हणाले,
'राहू द्या पैसे, साहेब. घटीत धरतो.'

'नको,' गुळवणी म्हणाले, 'रीतसर करा.'
आणि बिलबुक ओढून घेऊन स्वतःच लिहिलं.
वस्तूचे वर्णन: तुकडा.
गिऱ्हाइकाचे नाव: सौ. अंबुताई गुळवणी.
पत्त्याच्या रेघेवर पेन टेकवलेलं दिसतं,
कार्बन तिथे जास्त काळा उतरलाय.
पुढे मात्र अक्षर नेहमीचं, कचेरीतलं:
गावभाग, मारुती मंदिरामागे,
माडीवर, सांगली,
पिनकोडसकट.