न धुतलेली काठवट

सारेमा बेटावर आडनावं मागाहून आली.
शेताला नाव आधीच होतं: कादाका.
दुकानदार अजूनही उधारी लिहितो ती
कादाकाची मेएता, अशीच.

पहिला दगड कोणी वेचला, ठाऊक नाही.
इथे राय थोडी, दगड उदंड.
बर्फ वितळलं की जमीन नवे दगड वर ढकलते,
ते उचलायचे, बांधावर रचायचे.
सात पिढ्या रचूनही
बांध माझ्या कमरेएवढाच.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये ट्रक आला.
तासाभराची मुदत.
आत्या एल्फ्रीदेनं शेजारच्या ओस्काला कुंपणावरून
काठवट दिली, म्हणाली,
"धुऊ नकोस. आणि रिकामी ठेवू नकोस."
मग ती सैबेरियाला गेली.

ओस्का एकटा माणूस,
त्याला पाव कुठे येत होता!
तरी आठ वर्षं दर शनिवारी
तो कणीक तिंबत राहिला,
करपलेले पाव डुकरांना घालत राहिला.
काठाला चिकटलेली खरवड तेवढी जगली.

आत्या परतली तेव्हा आमच्या ओसरीत
सामूहिक शेतीची वासरं बांधलेली.
बांध मात्र तसाच.
दगडाचं कुणाला काय पडलंय.

ब्याण्णवमध्ये मोजणीदार आला, नकाशा उलगडून म्हणाला,
"हद्द दाखवा."
आत्याला तोवर दिसत नव्हतं.
ती काठी टाकून चालत गेली,
जुनिपरच्या जाळीत हात घातला,
अंगावर ओरखडे, हाताखाली खुणेचा दगड.
त्यानं मुकाट्यानं आकडा लिहिला.

गेल्या वर्षी संग्रहालयाची बाई आली, भली होती.
माग दिला, घसरगाडी दिली, पाळणासुद्धा दिला.
काठवटीला तिनं हातमोजे घालून हात लावला.
"काचेत टिकेल. आधी फक्त स्वच्छ करू."
मी तिला चहा दिला
आणि काठवट आत नेऊन ठेवली.

मुलगा हेलसिंकीत क्रेन चालवतो.
छप्पर शाकारायला तो यायचा नाही, मलाही कळतं.
या खेपेला जाताना त्यानं
बरणीत थोडी खरवड मागून घेतली.

रात्री फोन आला: आई,
बोटीतच झाकण उडालं,
सगळे कपडे आंबूस झालेत,
आता हिला खायला काय घालू?